पंप काढलात, पण सिरींज कुणाच्या हातात दिलीत?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची घरी काळजी कशी घ्यावी यावर अर्धं पान आलं होतं, चांगलं होतं, कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं वगैरे. पण नळीतून जेवणाऱ्या पेशंटबद्दल त्यात एकच ओळ होती, डॉक्टरांच्या सल्ल्याने नळीवाटे आहार द्यावा. साहेब, ह्या एका ओळीत आमचा आख्खा गेला मे महिना बुडाला म्हणून हे पत्र. मी देवगड तालुक्यातला, एस.टी.त ३२ वर्षं कंडक्टरकी करून रिटायर झालेला माणूस, लिहिण्याची सवय फक्त वेबिल भरण्याची, आणि हे मोबाईलवर टाईप करतोय तेव्हा चुका सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी मे महिन्यात हापूसच्या शेवटच्या पेट्या भरत होतो. हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातातून आंबा पडला, मी म्हटलं जरा बघून, परत दुसरा पडला, वर बघितलं तर तोंड एका बाजूला वाकडं आणि उजवा हात उचलेचना. लकवा. गगनबावड्यावरून कोल्हापूरला नेली, आयसीयूत ठेवली, जीव वाचला त्याबद्दल तिथल्या डॉक्टरांना हात जोडतो, ते वेगळंच. पण वाचा गेली आणि त्याबरोबर गिळणंही गेलं. पाणी दिलं तरी ठसका. मग नाकातून पोटात नळी घातली. सगळे तिला राईल्स ट्यूब म्हणत होते, मला चार दिवस ऐकू यायचं रॉयल ट्यूब, म्हटलं काहीतरी महागातली असणार. नंतर भाचीने सांगितलं की राईल नावाचे एक इंग्रज डॉक्टर होते, त्यांनी १९२१ साली पोटातलं आम्ल तपासायला ही नळी वापरली होती, म्हणजे मुळात पोटातलं बाहेर काढायची नळी, आता आपण तिच्यातून आत घालतो.

आयसीयूत जेवण पंपावर. सलाईनसारखी पिशवी टांगलेली आणि एक छोटं मशीन, तासाला ६० एमएल, दिवसरात्र, थेंब थेंब. माझा शेजारी भेटायला आला तर म्हणतो कसा, "मशीन जेवूक घालता आणि तू बसलंस बघीत!" पण आयसीयूत हे बरोबरच असतं हे मी आता सांगू शकतो. पेशंट इतका आजारी असताना पोट सुस्त असतं, थोडं थोडं गेलं तर झेपतं, जुलाबही कमी होतात, आणि युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१९च्या गाईडलाईनमध्येही आयसीयूतल्या पेशंटला एकदम न देता सतत द्या असंच आहे, भाचीने मोबाईलवर काढून दाखवलं. तेव्हा पंपाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पंप बंद झाल्या दिवसाची.

सोळा दिवस पंप चालू होता. सतराव्या दिवशी सकाळी अकराला तो काढला, आणि दुपारी एकला डिस्चार्ज कार्ड माझ्या हातात. मधल्या दोन तासात बिल भरणं, गोळ्या आणणं, अ‍ॅम्ब्युलन्स ठरवणं. सिस्टरनी घाईघाईत एकदा सिरींज लावून दाखवली, मी तेव्हा बिलाच्या काऊंटरवर लाईनीत, मुलगा गाडीवाल्याशी फोनवर, म्हणजे बघितली एकट्या सूनबाईने आणि तीही लांबून. कार्डावर इंग्रजीत एक ओळ, आरटी फीड, म्हणजे राईल्स ट्यूबमधून द्यायचं पातळ जेवण, २०० एमएल दर दोन तासांनी. बस. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही कारण नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की हे एका हॉस्पिटलचं नाहीच, ज्याला त्याला असंच घरी पाठवतात.

घरी पोचलो संध्याकाळी. घाटातल्या वळणांनी ही आधीच गळून गेलेली, खाटेवर दोन उशा देऊन झोपवली. मी सिरींज भरली, नळीला लावली आणि दट्ट्या दाबला. पन्नास एमएलच्या चार सिरींज, दोन मिनिटात काम फत्ते, मला वाटलं बरं झालं, लवकर आटपलं. नऊला परत. अकराला परत, ती झोपेत होती तशीच. साडेअकराला खोकला आला, एकदम तोंडातून नाकातून सगळं दूध बाहेर, आणि मग छातीत घरघर, हुक्का ओढताना येतो तसा आवाज. सकाळी १०३ ताप. १०८ला फोन केला, परत तोच घाट, परत अ‍ॅडमिट. पोटातलं छातीत गेलं, न्युमोनिया झालाय असं सांगितलं. आणखी बारा दिवस आणि सीझनची सगळी कमाई.

त्या बारा दिवसात मला एक हिशोब सुचला तो सांगतो. पंपावर तासाला ६० म्हणजे चोवीस तासात १४४० एमएल. कार्डावर दर दोन तासांनी २०० म्हणजे रात्र धरली तर २४००, रात्रीचे आठ तास सोडले तरी १६००. म्हणजे नक्की किती द्यायचं? ३२ वर्षं रात्री डेपोत कॅश आणि तिकिटं जुळवली, एक रुपया कमी पडला तरी खिशातून भरलाय, पण हा हिशोब काय जुळेना. विचारलं तर एक म्हणे रात्री देऊ नका, दुसरा म्हणे द्या.

मग दुसऱ्यांदा अ‍ॅडमिट असताना शेवटच्या आठवड्यात एक डायटिशियन आली, पंचविशीतली पोरगी, बोलण्यावरून रत्नागिरीकडची वाटली. मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही की रागावली नाही, म्हणाली, काका, तुमच्या घराच्या पागोळ्या बघितल्यात ना, पंप म्हणजे पागोळी, पोटाला सोळा दिवस पागोळीची सवय झाली आणि तुम्ही एकदम कळशी ओतलीत, तीपण आडवं झोपवून. आता ह्याच्यापुढे मी काय बोलणार.

ती जे बोलली ते मला समजलं तसं लिहितो, कारण हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी तरी दट्ट्या दाबला नसता. आपण धडधाकट माणसं जेवतो ती कळशीच असते, सकाळी चहा-चपाती, दुपारी भात, रात्री भात. पोट म्हणजे पिशवी आहे, ती जेवण धरून ठेवते, घुसळते आणि खालच्या दारातून आतड्यात थोडं थोडं सोडते. तेव्हा दिवसातनं पाच-सहा वेळा सिरींजने देणं, ज्याला हे लोक बोलस फीड म्हणतात, ते काही हलकं किंवा गरिबाचं काम नाही, उलट तेच पोटाच्या सवयीचं आहे. पण आजारपणात पिशवी ताणायची सवय मोडते. ती परत लावावी लागते, आणि ती लागायला तीन-चार दिवस जातात. हे तीन-चार दिवस हॉस्पिटलमध्येच जायला हवेत, घरी नव्हे, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे साहेब, बाकी सगळं त्याचा फापटपसारा.

तिने केलं कसं ते सांगतो. पहिल्या दिवशी दिवसा पंप बंद. सकाळी सातपासून दर तीन तासांनी नुसते १०० एमएल, असे पाच वेळा, आणि रात्री नऊपासून सकाळी सातपर्यंत पंप नेहमीसारखा ६०ने. म्हणजे ५०० आणि ६००, अकराशे झाले, थोडं कमी पडलं पण म्हणाली एखाददुसरा दिवस चालतं, पाणी वाढवू. दुसऱ्या दिवशी १५०. तिसऱ्या दिवशी २०० केले तेव्हा हिचं पोट फुगलं, टम्म, मी घाबरलो. तर ती म्हणाली आज पुढे जायचं नाही, उद्यापण २००च, फक्त पंधरा मिनिटांऐवजी अर्ध्या तासात द्या. दिलं, आणि फुगी गेली. पाचव्या दिवशी २४०, सहा वेळा, १४४०, पंप कायमचा बंद. माझा हिशोब जुळला. आणि वेळा बघा, साडेसहा, साडेनऊ, साडेबारा, साडेतीन, साडेसहा, साडेनऊ. मी म्हटलं हे तर आमच्या गाड्यांचं टाईमटेबल झालं, तर म्हणाली मग तुम्हाला सोपं आहे काका, फक्त ही गाडी लेट चालवायची नाही आणि बिफोरपण सोडायची नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ह्या पाच दिवसात सिरींज तिने स्वतः फक्त पहिल्यांदा धरली. नंतर मी, मग मुलगा, मग सूनबाई, ती नुसती बाजूला उभी. प्रत्येकाने तीन तीनदा दिल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर मी सही करणार नाही म्हणाली. मुलगा जरा कुरकुरला, मी बाहेर बसतो, बायका करतील. तिने ऐकलंच नाही. चांगलं केलं, कारण गणपतीत सूनबाई चार दिवस माहेरी गेली तेव्हा मुलानेच सगळं केलं.

आता सिरींजने देणं म्हणजे काय ते लिहितो कारण माझ्यासारखे दट्ट्या दाबणारे गावोगाव असणार. आधी बसवायचं, नुसत्या उशा नाही, खाटेची डोक्याकडची बाजू चांगली अर्धी उठून बसल्याइतकी वर, आम्ही खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली चिरे घातले आणि पाठीला गोधडीची वळकटी. नाकापाशी नळीवर पेनाने खूण केलेली आहे ती जागच्या जागी आहे का बघायचं, खूण बाहेर आलेली दिसली तर काही द्यायचं नाही, सिस्टरला बोलवायचं. आमच्याकडे पूर्वी नळीतून हवा मारून पोटावर कान लावून आवाज ऐकायचे आणि म्हणायचे बरोबर आहे. डायटिशियन आणि डॉक्टर दोघंही म्हणाले त्या आवाजावर विश्वास ठेवू नका, नळी छातीत असली तरी आवाज येतो, नवीन नळी घातली की एक्सरेच काढायचा. मग ३० एमएल साधं पाणी. मग सिरींजचा दट्ट्या काढून बाजूला ठेवायचा, नळी चिमटीत दाबून नुसतं नळकांडं लावायचं, त्यात फीड ओतायचं आणि चिमूट सोडायची. ते आपोआप खाली उतरतं. सिरींज वर धरली की भरभर, खाली आणली की हळू, एवढाच गिअर. माझी सूनबाई ते नळकांडं हिच्या छातीच्या वर वीतभर धरते आणि चहाच्या रंगाचं ते फीड उतरताना बघत बसते, तळाला बोटभर राहिलं की पुढचं ओतते, पूर्ण रिकामं होऊ देत नाही, नाहीतर हवा जाते आणि हिला ढेकरावर ढेकर. मध्येच खोकला आला की चिमूट. २४० एमएलला वीस ते तीस मिनिटं. शेवटी परत ३० पाणी, झाकण लावायचं, आणि तासभर तसंच बसवून ठेवायचं. हा शेवटचा तास सगळ्यात कठीण, रात्री साडेनऊचं दिलं की अकरापर्यंत कुणीतरी जागं पाहिजे, आम्ही टीव्ही लावतो.

दर वेळी आधी ओढून बघायचं का की पोटात आधीचं किती शिल्लक आहे, ह्यावर आमच्याकडे दोन तट आहेत. गावातल्या सिस्टर म्हणतात बघाच. डायटिशियनचं म्हणणं की सरसकट दर वेळी गरज नाही, अमेरिकेतल्या २०१६च्या गाईडलाईनमध्ये आयसीयूसाठीसुद्धा ते रोजचं काम म्हणून करू नका असं आलंय, पण पोट फुगलं, मळमळ दिसली, उलटी झाली तर थांबा आणि फोन करा. आम्ही पोटावर हात ठेवून बघतो, नगाऱ्यासारखं लागलं तर अर्धा तास पुढे ढकलतो.

आता कोकणातल्या माणसाला हे का जास्त लागू ते लिहितो, कारण मुंबई-पुण्याच्या लोकांना वाटेल पंप भाड्याने मिळतो की. मिळतो. पण आमच्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळ असते हे तुम्हाला सांगायला नको, फणसाची एक फांदी तारेवर पडली की दोन दिवस अंधार, आणि २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा काय झालं, त्याच्या आदल्या वर्षी निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडे काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पंपाच्या बॅटरीवर काही तास निघतील, दोन दिवस कसे निघणार. सिरींजला लाईट लागत नाही. दुसरं म्हणजे आमची दमट हवा. पंपाच्या पिशवीत घरी केलेलं पातळ जेवण तासन् तास टांगून ठेवलं तर ते नासतंच, पावडर कालवलेलं फीडसुद्धा चार तासांच्या वर टांगू नये म्हणतात, आणि घरच्या पेजेला तर दोन तास पुष्कळ झाले. पंपावर असाल तर डबाबंद महागडं फीडच बरं पडतं, ते कुणाला परवडणार. आमचं आता सकाळची दोन फीड पावडरची आणि बाकीची घरची, मुगाच्या डाळीचं कढण, नाचणीचं सत्त्व, दूध, एक उकडलेलं अंडं, चमचाभर तेल, मिक्सरला एकदम बारीक करून मलमलच्या फडक्यातून गाळून. हे प्रमाण हिच्यासाठी काढून दिलेलं आहे, कुणी वाचून आपल्या घरी तसंच करू नये. नुसती भाताची पेज दिली की पोट भरतं आणि माणूस सुकतो असं ती पोरगी म्हणाली होती, आणि खरं सांगतो, आमच्या वाडीत तेच चालतं, पेज आणि वरणाचं वरचं पाणी, महिनोन् महिने.

एक घोटाळा आम्ही घरीपण केला तो कबूल करतो. वन्सं आल्या कुडाळहून, म्हणाल्या वहिनीला उष्णता झाली असेल, कोकमाचं आगळ पाण्यात घालून द्या की नळीतून. फीड देऊन झालं, आणि मागचं पाणी न देता सूनबाईने लगेच आगळाचं पाणी ओतलं. आत दुधाचं फाटलं, दह्यासारखी गाठ, नळी बंद. कोमट पाणी सिरींजने हळू हळू आत-बाहेर करत पाऊण तास गेला तेव्हा मोकळी झाली. शेजारच्याने तोवर झाडूची काडी आणून दिली होती, घाल म्हणे आत. नाही घातली तेवढी अक्कल आली होती तोपर्यंत. गोळ्यांचंही तसंच, फीडमध्ये मिसळायच्या नाहीत, एकेक वेगळी कुटून पाण्यात, आणि ज्या गोळ्यांवर एसआर किंवा एक्सआर लिहिलंय, म्हणजे पोटात हळूहळू औषध सोडणाऱ्या, त्या कुटायच्याच नाहीत, डॉक्टरकडून बदलून घ्यायच्या.

हिला शुगरही आहे. हे फार महत्त्वाचं आणि पहिल्या डिस्चार्जला कुणी उच्चारलंसुद्धा नव्हतं. पंपावर असताना साखर रक्तात एकसारखी जात असते आणि इन्सुलिन त्या हिशोबाने लावलेलं असतं. सिरींजवर आलं की साखर जेवणामागे चढते आणि मधे उतरते, मग तेच जुनं इन्सुलिन तसंच चालू ठेवलं आणि एखादं फीड उलटलं किंवा राहिलं तर शुगर धाडकन खाली. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी सगळं बदलून दिलं, कुठल्या फीडच्या आधी किती, आणि फीड गेलं नाही तर काय, ते मुलाने भिंतीवर चिकटवलंय. ज्यांच्या घरी नळीचा पेशंट आहे आणि शुगर आहे त्यांनी पंप बंद होतोय असं कळल्या कळल्या पहिला प्रश्न इन्सुलिनचा विचारावा.

आणि फायदा काय झाला ते पण लिहितो, नाहीतर वाटेल नुसती रड. पंप होता तेव्हा ही दाव्याला बांधलेली. आता दोन फीडच्या मध्ये दोन तास मोकळे, फिजिओथेरपीवाला येतो, खुर्चीवर बसवून पडवीत आणतो, येणारे जाणारे बोलतात. आणि एक गोष्ट सूनबाईच्या लक्षात आली, माझ्या नाही. बारा-सव्वाबाराला चुलीवर बांगड्याचं तिखलं उकळायला लागलं की ही घड्याळाकडे बघते. पंपावर असताना कधी बघितलं नव्हतं, भूक लागायला पोट रिकामं कुठे होत होतं. आम्ही हे कोल्हापूरच्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी गिळण्याची तपासणी परत करून घेतली. आता दुपारच्या फीडच्या आधी चार-पाच चमचे दाटसर नाचणीची आंबील तोंडाने, हनुवटी खाली करून, एकेक चमचा, गिळलं का बघून मगच दुसरा. श्रावणात एक दिवस स्पष्ट म्हणाली, "माका पेज व्हयी." चार महिन्यातलं पहिलं आख्खं वाक्य. मुलाने मोबाईलवर परत बोलायला सांगितलं, रेकॉर्ड करतो म्हणाला, नाही बोलली.

नळी महिना-सव्वा महिन्याच्या वर लागणार असेल तर पोटाला छोटं भोक पाडून तिथून नळी घालतात, पेग म्हणतात त्याला, ते आमच्याही पुढे आलं होतं. नातेवाईक घाबरले, पोटाला भोक म्हणजे शेवटच. तसं काही नाही असं डॉक्टर म्हणाले, नाक मोकळं राहतं, नळी सारखी उपसून येत नाही, आणि त्यातूनही सिरींजने देता येतं. हिला तोंडाने थोडं जायला लागलं म्हणून सध्या थांबलोय.

आता मागणी. मी मोठी काही योजना मागत नाही, मशीन मागत नाही. हॉस्पिटल खाजगी असो की सरकारी, नळीच्या पेशंटला घरी सोडायच्या निदान तीन-चार दिवस आधी पंप टप्प्याटप्प्याने कमी करून सिरींजवर आणा, तुमच्या डोळ्यासमोर आम्हाला चुकू द्या. तिथे ठसका लागला तर घशातलं ओढून काढायचं सक्शन मशीन आहे, सिस्टर आहे. आमच्याकडे साडेअकराला रात्री काय आहे, कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आणि मधे घाट. आणि कार्डावर मराठीत लिहून द्या, चोवीस तासात एकूण किती, किती वेळा, किती मिनिटात, आधी-मागे पाणी किती, किती वेळ बसवून ठेवायचं, नळीची खूण किती सेंटीमीटरवर, आणि काय झालं तर देणं थांबवून फोन करायचा. एका पानात मावतं. त्याचीच एक कॉपी गावच्या उपकेंद्रात जाऊ दे, आमच्या सिस्टर आणि आशाताई मनापासून करतात हो, पण त्यांना पेशंट आलाय हे कळतं ते आमच्यासारखं काहीतरी झाल्यावर. डायटिशियनला बेडपाशी पाठवा, आणि ते पेशंट गंभीर व्हायच्या आधी, दुसऱ्या अ‍ॅडमिटला नव्हे. एक बेड चार दिवस जास्त अडतो म्हणाल तर आमचा बारा दिवस अडला की.

बेड रिकामा करायची घाई असते हे मला समजतं, स्टँडवर गाडी लागली की मागची हॉर्न मारतेच. पण पॅसेंजर उतरायच्या आधी मी कधी डबल बेल मारली नाही.

आपण छापत असाल तर एक विनंती, बोलस सगळ्यांना चालतं असं हेडिंगमध्ये देऊ नका. त्या पोरीने आम्हाला लिहून दिलेल्या कागदाच्या झेरॉक्स काढून, त्यातले हिचे आकडे खोडून, मी इथल्या मेडिकलवाल्याकडे ठेवल्यात, पाच जणांनी नेल्या. त्यातले एक वडाच्या वाडीतले भाऊ, अन्ननलिकेच्या ऑपरेशनवाले, त्यांची नळी पोटात नाहीच, त्याच्या पुढे आतड्यात आहे, इंग्रजीत ‘जे-ट्यूब’ म्हणतात ती. आतड्याला पिशवी नसते, तिथे २४० एकदम ओतलं तर घाम, धडधड, मुरडा आणि जुलाब, त्यांना हळूहळू पंपावरच किंवा थेंबानेच द्यावं लागतं. त्यांच्या मुलाने झेरॉक्स वाचून बापाला तसंच द्यायचं ठरवलं होतं, नशीब आदल्या संध्याकाळी मला सहज विचारायला आला. मी त्याला तसाच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला आणि झेरॉक्स काढून घेतली. मेडिकलवाल्याला आता सांगून ठेवलंय, डिस्चार्ज कार्डावर नळी कुठली ते बघितल्याशिवाय कागद कुणाला द्यायचा नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त एस.टी. कंडक्टर,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग